मातीखालचा निर्णय

मार्चच्या अखेरीस श्रीनगरमध्ये हरी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बादामवारीत गर्दी उसळते. हिवाळा सरल्याची पहिली वर्दी काश्मीरमध्ये बदामाचा फुलोराच देतो. माणसे समोवार घेऊन येतात, मुलांची छायाचित्रे काढतात, फिकट गुलाबी फांद्यांकडे पाहत राहतात. २००८ साली ही बाग नव्याने सजवून लोकांसाठी खुली झाली. शेजारच्या टेकडीला वेढणारी भिंत मात्र अकबराच्या काळातली आहे. गेल्या वर्षी मीही त्या गर्दीत होतो. प्रत्येकाची नजर वर, फुलांकडे लागलेली होती. मला मात्र आता वेगळीच खोड जडली आहे. फळझाड दिसले की मी आधी खाली वाकून जमिनीपासून वीतभर उंचीवर खोड कसे आहे ते पाहतो. झाड कलमी असेल तर तेथे एक गाठ किंवा पुसटसा वळसा दिसतो. त्या गाठीच्या वर एक झाड असते आणि खाली दुसरे. वरच्या झाडाचे नाव सर्वांना ठाऊक असते. खालच्याचे नाव क्वचितच कोणी विचारते.

ही खोड एका चुकीतून लागली, आणि ती चूक माझी होती. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी पश्चिम हिमालयातील एका जिल्ह्यात नियुक्तीवर होतो. मार्च महिना होता. फलोत्पादनाच्या एका योजनेतील रक्कम खर्ची पडायची राहिली होती आणि ३१ तारखेनंतर ती परत गेली असती. बदामाची कलमे घेऊन डोंगरउतारावरच्या शेतकऱ्यांना वाटावीत, असा प्रस्ताव माझ्यापुढे आला. टिपणीत वाणाचे नाव होते, कलमांची संख्या होती, सर्वांत कमी दराची निविदा होती. कलमे कोणत्या खुंटावर बांधली आहेत, याचा उल्लेख नव्हता. तो असावा हे मलाही सुचले नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी. बदाम म्हणजे बदाम, एवढेच माझे ज्ञान होते. मी सही केली.

कलमे पीचच्या खुंटावरची होती. ज्या उतारांवर ती लागली, तेथे जमिनीत चुनखडी भरपूर आणि सिंचन मुळीच नाही. पीचच्या मुळांना चुन्याची जमीन मानवत नाही. अशा जमिनीत लोह असूनही त्यांना ते शोषून घेता येत नाही, म्हणून कोवळी पाने शिरांमधून पिवळी पडत जातात. त्यात पाण्याचा ताण आला की झाड खंगते. हे सारे मला पुष्कळ नंतर कळले. दोन वर्षांत माझी बदली झाली होती. काही वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या भागात गेलो असता एका वृद्ध शेतकऱ्याने मला ओळखले आणि आपल्या बांधावर नेले. ओळीने उभी, पिवळ्या पानांची, निम्मी वाळलेली झाडे. तो रागावला नव्हता, आणि तेच अधिक बोचले. तो एवढेच म्हणाला, ''साहेब, वरचं झाड तुम्ही सांगितलं होतं तेच निघालं. खाली काय आहे, ते तुम्ही आम्हाला सांगितलंच नाही.''

त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. निवृत्तीनंतर मात्र निदान खाली काय असते ते समजून घ्यावे, एवढे मी ठरवले.

बदामाचे झाड तीन-चार प्रकारच्या मुळांवर उभे करता येते आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. पहिला खुंट बदामाचाच, बहुधा कडू बदामाच्या बीपासून वाढवलेला. त्याचे सोटमूळ खोल जाते, चुनखडी त्याला चालते, कोरडा उन्हाळा तो सोसतो. मात्र मुळांशी पाणी साचले की तो कुजतो. शिवाय बीपासून वाढलेले प्रत्येक रोप आपल्या भावंडाहून थोडे वेगळे निघते. त्यामुळे बागेत एकसारखेपणा येत नाही. दुसरा खुंट पीचचा. ओलिताखालच्या, हलक्या, आम्लधर्मी किंवा उदासीन जमिनीत तो झाडाला लवकर फळावर आणतो, पण चुना आणि दुष्काळ यांपुढे हात टेकतो. कॅलिफोर्नियातील वाळूमिश्रित, भरपूर पाणी मिळणाऱ्या बागांत सूत्रकृमींना दाद न देणारा 'नेमागार्ड' हा पीचचा खुंट दीर्घकाळ लोकप्रिय राहिला, तो या गुणांमुळेच.

तिसरा प्रकार बदाम आणि पीच यांच्या संकराचा. फ्रान्समधील कृषी संशोधकांनी निवडलेला 'जीएफ-६७७' हा त्यातला सर्वांत नावाजलेला. चुनखडीच्या कोरड्या जमिनीत तो जोमाने वाढतो. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत त्याच्यावर लाखो झाडे उभी आहेत. पण पाणी साचलेले त्यालाही चालत नाही आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींपुढे तो दुबळा आहे. स्पेनमध्ये तयार झालेला लालसर पानांचा 'गार्नेम' सूत्रकृमींना तोंड देतो. चौथा प्रकार प्लमच्या कुळातला. चिबड, भारी जमिनीत तो बदामाच्या किंवा पीचच्या खुंटापेक्षा अधिक तग धरतो. परंतु सर्व वाणांशी त्याचे जुळत नाही. 'मारियाना २६२४' या खुंटाचे 'नॉनपरेल' या जगप्रसिद्ध वाणाशी पटत नाही, हे बागायतदारांना महाग पडून कळलेले सत्य आहे.

थोडक्यात, सर्वोत्तम खुंट असा काही नसतोच. अमुक जमिनीसाठी, अमुक पाण्यासाठी, अमुक वाणासाठी योग्य खुंट असतो. महाराष्ट्रातील वाचकांना हे नव्याने सांगायला नको. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांनी क्षार आणि पाण्याची टंचाई यांमुळे 'डॉगरिज'चा खुंट स्वीकारला. विदर्भात संत्र्याचा डोळा जंबेरीवर भरायचा की रंगपूर लिंबावर, हा वाद डिंक्या रोगाने बाग गमावलेल्या कोणालाही समजतो. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, मुळे पोखरणाऱ्या फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा युरोपची वाइन वाचली ती अमेरिकन द्राक्षवेलींच्या मुळांवर. फ्रेंच अभिमानाला ते पचवणे सोपे गेले नसेल. पण वेलीला अभिमान नसतो.

हे सारे मनात घेऊन मी गेल्या वर्षी पुलवामा आणि बडगाम भागातील करेवांवर हिंडलो. करेवा म्हणजे काश्मीर खोऱ्यातील सपाट माथ्याच्या उंच टेकड्या. काश्मिरीत त्यांना 'वुडर' म्हणतात. प्राचीन सरोवराच्या तळाशी साचलेला गाळ आणि त्यावर वाऱ्याने आणून पसरलेली बारीक माती यांनी त्या बनल्या आहेत. पांपोरचे केशर याच मातीत पिकते आणि बदामही. करेवांवर नदीचे पाणी चढत नाही. पीक हिवाळ्यातल्या बर्फावर आणि वसंतातल्या पावसावर अवलंबून असते. उन्हाळ्यात वरचा थर कोरडा पडतो, काही ठिकाणी माती चुनखडीयुक्त आहे, तर काही ठिकाणी खालच्या चिकणमातीमुळे निचरा मंदावतो. एकाच टेकडीच्या दोन टोकांना दोन वेगळे खुंट लागावेत, अशी ही जमीन आहे.

सेटलमेंट कमिशनर म्हणून आलेला वॉल्टर लॉरेन्स याने १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात करेवांचे आणि खोऱ्यातील बदामबागांचे वर्णन केले आहे. त्याच्याही मागे जायचे तर जहांगीराच्या आठवणींत एक मनोरंजक नोंद सापडते: चेरीचे झाड काश्मीरमध्ये पूर्वी नव्हते, मुहम्मद कुली अफशार याने ते काबूलहून आणून कलम करून वाढवले. अकबराने १५८६ मध्ये खोरे जिंकल्यानंतरची ही गोष्ट. सम्राटाच्या रोजनिशीत एका कलम करणाऱ्याचे नाव टिकून राहावे, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे. आज आपल्या शासकीय कागदपत्रांत योजनेचे नाव असते, मंत्र्याचे असते, खुंटाचे नसते.

करेवावरच्या एका बागेत मी हाजीसाहेबांच्या सोबत तासभर बसलो. वय माझ्याहून दहा वर्षांनी अधिक असावे. त्यांची जुनी झाडे कलमी नव्हतीच; वडिलांनी बिया पेरून वाढवलेली होती. काश्मीरमधल्या जुन्या बदामबागा बहुतांशी अशाच आहेत. त्यामुळे एका झाडाचा गर गोड, दुसऱ्याचा कडसर, एकाचे कवच कागदासारखे तर दुसऱ्याचे दगडासारखे. बाजारात अशा मालाला भाव कमी मिळतो. पण ती झाडे कोणी पाणी न घालता पन्नास-साठ वर्षे उभी होती. बागेचा अर्धा भाग मोकळा झाला होता. तेथली झाडे तोडून सरपणाला गेली होती. मुलाला त्या जागी सघन पद्धतीची सफरचंदे लावायची होती.

''मुलाचं चुकतं असं मी म्हणत नाही, जनाब,'' हाजीसाहेब म्हणाले. ''फुलं आली की पाऊस येतो, नाही तर हिमकण पडतात. तीन वर्षांत एकदा पीक हाती लागतं. आणि बाजारात गेलं की अमेरिकेचा बदाम आधीच येऊन बसलेला असतो.''

त्यांची तक्रार आकड्यांना धरून होती. जगातील सुमारे ८० टक्के बदाम एकटे कॅलिफोर्निया राज्य पिकवते आणि त्याचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक भारत आहे. २०१९ मध्ये आपण अमेरिकी बदामावर वाढीव शुल्क लावले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ते काढून घेतले. देशातील बदामाचा बहुतांश वाटा जम्मू-काश्मीरमधून येतो. पण तेथे या पिकाखालचे क्षेत्र २००६-०७ मध्ये १६ हजार हेक्टरांहून अधिक होते, ते २०१९-२० पर्यंत सुमारे ४ हजार हेक्टरांवर आले. दीड दशकाच्या आत तीन चतुर्थांश बागा नाहीशा झाल्या. काही घरांखाली गेल्या, काही मातीच्या उत्खननाखाली, आणि पुष्कळशा सफरचंदाखाली.

येथे प्रश्न पुन्हा मातीखाली जातो. सघन लागवडीतील सफरचंद बहुधा 'एम-९' या बुटक्या खुंटावर असते. हा खुंट इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील संशोधनकेंद्राच्या यादीतला. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपभरच्या रोपवाटिकांत 'पॅराडाइज' या एकाच नावाखाली नाना प्रकारचे खुंट विकले जात. रोनाल्ड हॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गोळा केले, शेजारी शेजारी लावून पाहिले, सारखे कोणते आणि वेगळे कोणते हे ठरवले आणि त्यांना क्रमांक दिले. तेव्हापासून सफरचंदाचा बागायतदार आपण काय विकत घेतो आहोत हे जाणू लागला. 'एम-९'ने झाड लहान राहते, दोन-तीन वर्षांत फळ देते, एका एकरात कितीतरी अधिक झाडे बसतात. पण त्याची मुळे उथळ आणि कमकुवत असतात. त्याला आधाराला तारा-खांब लागतात आणि नियमित पाणी लागते. खोऱ्याच्या सखल, ओलिताच्या भागात तो उत्तम. कोरड्या करेवावर मात्र त्याला जगवण्यासाठी खालून पाणी उपसावे लागते. ज्या टेकडीवर कडू बदामाचे सोटमूळ स्वतःचे पाणी स्वतः शोधत होते, तेथे आता विजेचा पंप ते काम करणार आहे. तो किती वर्षे करील, हे अनुदानाच्या अर्जात विचारलेले नसते.

याचा अर्थ जुने तेवढे राखावे, असा मी काढत नाही. हाजीसाहेबांच्या मुलाला भावुकतेवर घर चालवता येणार नाही. श्रीनगरच्या केंद्रीय समशीतोष्ण फलोत्पादन संस्थेने आणि तेथील कृषी विद्यापीठाने बदामावर काम केले आहे. 'वारिस', 'शालिमार', 'मखदूम' यांसारखी चांगल्या गराची वाणे उपलब्ध आहेत. ही वाणे योग्य खुंटावर, परागीभवनासाठी सोबतीची झाडे देऊन करेवावर उभी केली, तर बदामही उत्पन्न देऊ शकतो. कारण बदाम स्वतःच्या परागाने फळत नाही. जुन्या बागांत प्रत्येक झाड वेगळे असल्याने ती सोय आपोआप होती, नव्या बागेत ती आखून करावी लागते. शेतकऱ्यापुढे आज मात्र एका बाजूला भाव न मिळणारी जुनी बाग आणि दुसऱ्या बाजूला अनुदानासकट येणारे सफरचंद, एवढेच दोन पर्याय दिसतात. तिसरा पर्याय त्याच्या जमिनीवर कोणी करून दाखवलेला नाही.

करून दाखवणे म्हणजे काय? एकच वाण घ्यायचे आणि ते पाच-सहा वेगवेगळ्या खुंटांवर बांधून एकाच शेतात, जागेचा पक्षपात होणार नाही अशा रीतीने मांडायचे. हेच आणखी चार-पाच ठिकाणी करायचे: चुनखडीच्या माथ्यावर, चिकणमातीच्या उतारावर, ओलिताखाली आणि ओलिताविना. दरवर्षी खोडाचा घेर मोजायचा, पाने किती पिवळी पडली ते नोंदवायचे, किती झाडे मेली आणि कशाने मेली ते लिहायचे, पीक तोलायचे, गर काढून पाहायचा. संकरित जोमदार खुंटाची वाढ तेथील थंडीपूर्वी वेळेत थांबते का, वसंतात पाणी साचले तर कोणता खुंट आधी मान टाकतो, हे प्रश्न फ्रान्स किंवा कॅलिफोर्नियाच्या तक्त्यांतून सुटत नाहीत. पहिली चार वर्षे तर फारसे पीकच नसते. भरवशाचे उत्तर मिळायला दहा-बारा वर्षे लागतात.

आणि येथेच आपली प्रशासनव्यवस्था अडखळते. मी तिच्यात तीन दशकांहून अधिक काळ काढला आहे, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे असे मानतो. आमचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. बदामाचे वर्ष त्याच सुमारास फुलांनी सुरू होते, पण ते पंचवीस वर्षे चालते. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. किती कलमे वाटली याचा अहवाल त्याला द्यावा लागतो, दहा वर्षांनी किती जगली याचा नाही. ज्याने चूक केली त्याला ती दिसत नाही आणि ज्याला ती दिसते त्याला ती आपली वाटत नाही. मला माझी चूक दिसली, ती केवळ योगायोगाने.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १,७६५.६७ कोटी रुपयांचा 'स्वच्छ रोप कार्यक्रम' मंजूर केला. त्यात देशभर नऊ केंद्रे उभारून विषाणुमुक्त लागवडसाहित्य तयार करण्याची योजना आहे. श्रीनगरचे केंद्र समशीतोष्ण फळांसाठी आहे आणि पुण्याचे द्राक्षांसाठी. हे पाऊल स्वागतार्ह आहे. रोगट कलमांनी फळबागांचे आजवर मोठे नुकसान केले आहे. पण निरोगी असणे आणि योग्य असणे या दोन गोष्टी आहेत. माझ्या सहीने वाटली गेलेली कलमे कदाचित निरोगीही असतील. ती त्या जमिनीची नव्हती, एवढेच.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. सरकारी पैशाने विकत घेतलेल्या प्रत्येक कलमावर वाणाइतक्याच ठळक अक्षरांत खुंटाचे नाव असावे आणि ते खोटे निघाल्यास रोपवाटिका जबाबदार धरली जावी. अनुदान मंजूर करण्यापूर्वी त्या शेताची माती आणि पाणी तपासलेले असावे. स्वच्छ रोपांच्या केंद्रांना खुंटांच्या प्रादेशिक चाचण्यांसाठी निदान बारा वर्षांचा निधी एकदम बांधून द्यावा, जो कोणत्याही मार्चमध्ये परत जाणार नाही. आणि करेवांवर उरलेल्या जुन्या, बियांपासून वाढलेल्या बदामांतून चांगल्या मुळांची निवड ताबडतोब सुरू व्हावी. पन्नास-साठ वर्षे त्या जमिनीने त्यांची परीक्षा घेतली आहे. इतका जुना प्रयोग पुन्हा कोणत्याही संस्थेला मांडता येणार नाही, आणि तो आता सरपण म्हणून जळतो आहे.

निघताना हाजीसाहेबांनी रुमालात बांधून थोडे बदाम दिले. वाटेत गाडीत एक फोडून खाल्ला, तो कडू निघाला. दिल्लीला आल्यावर उरलेल्यांतले पाच-सहा मी एका परिचित फलोत्पादनतज्ज्ञाकडे दिले. हिवाळ्यात ओल्या वाळूत थंड ठेवून त्याने ते रुजवले. कडू बदामाला बाजारात किंमत नाही, पण खुंट म्हणून त्याची किंमत मोठी आहे, असे तो म्हणाला. मला तो पिवळ्या पानांचा बांध आठवला आणि त्या वृद्धाचे वाक्य. ती रोपे आता वीतभर झाली आहेत. डोळा भरण्याजोगी होतील तेव्हा ती हाजीसाहेबांच्या मोकळ्या झालेल्या अर्ध्या बागेत परत जावीत, अशी माझी इच्छा आहे. या वेळी सोबतच्या चिठ्ठीवर खाली काय आहे ते मी स्वतःच्या हाताने लिहीन.